दलदलीतून नॉर्मंडीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातील नौकांच्या प्रतिकृती जोडणाऱ्या छांदिष्टांच्या टेबलावर एक नौका हमखास आढळते. १:३५ या प्रमाणात तिची लांबी साडेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास भरते; १:७२ प्रमाणात तर ती वितीपेक्षाही लहान असते. युद्धनौकेचा रुबाब तिच्यात नाही. उंच डोलकाठी नाही, तोफांचे बुरूज नाहीत. वरून उघडी, पेटीसारखी, पुढे सरळसोट दरवाजा असलेली ही करडी नौका म्हणजे एखादा मालवाहू पडाव असावा, असेच पाहणाऱ्याला वाटते. मात्र प्रतिकृती उलटी करून तळाचे भाग बसवू लागले, की तिचे खरे वैशिष्ट्य हाती लागते. तळाच्या मागील बाजूस एक लांबट पन्हळ असते आणि नौका चालवणारा पंखा त्या पन्हळीत दडलेला असतो.

या पन्हळीचा जन्म कोणत्याही नौदलाच्या आरेखन कक्षात झाला नाही. तो झाला अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या दलदलीत, लाकूडतोडे, फासेपारधी आणि तेलविहिरी खोदणारे यांच्या गरजेतून. तिचे कर्ते अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स हे मुळात लाकडाचे व्यापारी होते.

हिगिन्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८८६ रोजी नेब्रास्का राज्यातील कोलंबस या गावी झाला. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. वयाच्या सातव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले आणि पुढील बालपण ओमाहा शहरात गेले. स्वभाव तापट. मारामाऱ्यांपायी शाळेतून काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. पुढे राज्याच्या राखीव सैन्यात असताना प्लॅट नदीवर झालेल्या सरावांत त्यांना पाण्यातून माणसे नेण्याचा पहिला अनुभव मिळाला. प्लॅट ही रुंद पण अतिशय उथळ नदी. उथळ पाण्याचा हा प्रश्न आयुष्यभर त्यांची पाठ सोडणार नव्हता.

१९०६ मध्ये ते लाकडाच्या धंद्यासाठी दक्षिणेकडील अलाबामा राज्यात गेले. १९१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले आणि १९२२ मध्ये त्यांनी लाकूड निर्यातीची स्वतःची कंपनी काढली. मालासाठी जहाजे घेतली, जहाजांच्या दुरुस्तीसाठी गोदी उभारली. अशा रीतीने लाकडाचा व्यापारी नौकाबांधणीकडे वळला.

मिसिसिपी नदीच्या मुखाकडील प्रदेश म्हणजे जमीन आणि पाणी यांची सरमिसळ. कुठे चिखल, कुठे बुडालेले ओंडके, कुठे पाणवनस्पतींची जाळी. साध्या मोटरबोटीचा पंखा तेथे घडीभरात अडकून पडे किंवा मोडे. यावर उपाय म्हणून १९२६ च्या सुमारास हिगिन्स यांनी युरेका ही नौका तयार केली. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, चमच्यासारखे वर वळलेले होते आणि तेथे भक्कम लाकडी ठोकळा बसवलेला होता. त्यामुळे नौका पूर्ण वेगात ओंडक्यावरून किंवा वाळूच्या दांड्यावरून सरकत जाई. पंखा पन्हळीत सुरक्षित राही. नौका थेट काठावर चढवावी आणि कोणाच्याही मदतीविना मागे घ्यावी, हे तिला सहज जमे. मंदीच्या लाटेत लाकडाचा धंदा बुडाला. नौकांचा धंदा तेवढा तगला.

त्याच सुमारास अमेरिकेच्या मरीन कोअरला एक जुना प्रश्न सतावत होता. शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यावर, बंदर नसताना, सैन्य उतरवायचे कसे? १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याची जी हानी झाली, तिची आठवण ताजी होती. त्यासाठी खास नौका हवी होती. नौदलाच्या जहाज विभागाचे स्वतःचे आराखडे होते आणि दक्षिणेकडील एका फटकळ कारखानदाराने आपल्याला धडे द्यावेत, हे तेथील अधिकाऱ्यांच्या पचनी पडत नव्हते. १९३८ मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि युरेकाची चुणूक दिसू लागली. मात्र तिच्यात एक मोठी उणीव होती. काठावर पोहोचल्यावर सैनिकांना कठड्यावरून बाहेर उड्या माराव्या लागत. अंगावर ओझे घेऊन कठड्यावर चढलेला माणूस म्हणजे शत्रूच्या गोळीचे सोपे लक्ष्य. शिवाय त्या कठड्यावरून वाहन उतरवणे अशक्यच.

या अडचणीचे उत्तर आशियात सापडले आणि तेथे एका छोट्या प्रतिकृतीचे महत्त्व समजते. १९३७ मध्ये शांघायच्या लढाईच्या वेळी व्हिक्टर क्रुलॅक हा तरुण मरीन अधिकारी तेथे नेमणुकीवर होता. जपानी सैन्याच्या उतरणी नौकांची नाळ सपाट असून ती पुढे पडते आणि तिचाच उतार होतो, हे त्याने पाहिले. त्याने दुरून छायाचित्रे टिपली आणि अहवाल वॉशिंग्टनला धाडला. दोन वर्षांनी मायदेशी परतल्यावर त्याला दिसले, की अहवाल लिहिणाऱ्याला वेड्यात काढणारा शेरा मारून तो फाइलबंद करण्यात आला आहे. क्रुलॅक यांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी त्या जपानी नौकेची लहानशी प्रतिकृती स्वतः तयार केली आणि तिच्या साह्याने आपले म्हणणे पटवून देण्यास सुरुवात केली. कागदावरचा अहवाल जे करू शकला नव्हता, ते त्या हातभर नसलेल्या वस्तूने साधले. पुढे ही कल्पना हिगिन्स यांच्यासमोर आली.

हिगिन्स यांनी सरकारी मंजुरीची वाट पाहिली नाही. पदरमोड करून त्यांनी ३६ फुटी युरेकाच्या नाळेला खाली पडणारा दरवाजा, म्हणजे रॅम्प बसवला. २६ मे १९४१ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळील पोंचारट्रेन सरोवरात तिची चाचणी झाली आणि तिने सर्वांची खात्री पटवली. तिच्या आराखड्याच्या पेटंटसाठी त्यांनी ८ डिसेंबर १९४१ रोजी अर्ज केला. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा एकच दिवस झाला होता.

रणगाडे उतरवणाऱ्या मोठ्या नौकेवरून मात्र नौदलाशी त्यांचा उघड संघर्ष झाला. जहाज विभाग स्वतःच्या आराखड्यावर अडून होता. अखेर २५ मे १९४२ रोजी नॉरफोकजवळील खवळलेल्या पाण्यात दोन्ही नौका रणगाड्यांसह समोरासमोर उतरवण्यात आल्या. विभागाची नौका उलटण्याच्या बेतात आली; हिगिन्स यांची नौका किनाऱ्याला लागून परत फिरली. सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने या प्रकरणात विभागावर कठोर ताशेरे ओढले. सदोष नौकांतून सैनिक पाठवले गेले असते, तर मानापमानाच्या त्या लढ्याची किंमत कोणी मोजली असती, हे सांगायला नकोच.

त्यानंतर कारखान्यांचा विस्तार झपाट्याने झाला. १९३८ मध्ये शंभर माणसेही नसलेल्या गोदीत युद्धकाळात २० हजारांहून अधिक कामगार होते. काळ्या-गोऱ्यांना कायद्याने वेगळे ठेवणाऱ्या दक्षिणेत त्यांच्या कारखान्यांत गोरे, काळे, स्त्रिया, वृद्ध आणि अपंग अशा सर्वांना काम मिळाले आणि समान कामाला समान वेतन हे धोरण राबवले गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाकडे लहानमोठ्या १४,०७२ नौका होत्या. त्यांपैकी १२,९६४ हिगिन्स यांच्या आराखड्यांनुसार बांधलेल्या होत्या. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या कंपनीने २०,०९४ नौका बांधल्या.

त्यांतील सर्वाधिक गाजलेली म्हणजे एलसीव्हीपी, अर्थात हिगिन्स बोट. लांबी ३६ फूट ३ इंच, रुंदी १० फूट १० इंच. ३६ सैनिक किंवा एक जीप आणि १२ सैनिक तिच्यात मावत. देह लाकडाचा आणि प्लायवुडचा, रॅम्प पोलादाचा. प्रतिकृतीवर अखेरचा हात फिरवताना, गंजाचे ओघळ कुठे दाखवायचे आणि लाकडावरचे ओरखडे कुठे, हे ठरवताना जाणकार हा फरक ध्यानात ठेवतात.

नौकेला मर्यादाही होत्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातील तारावा बेटाजवळ भरतीचे पाणी अपेक्षेइतके चढले नाही आणि या नौका प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. मरीन सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले आणि अनेकांनी तेथेच प्राण गमावले. चिखलासाठी घडलेली नौका प्रवाळावर हतबल ठरली. सात महिन्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मात्र हजारो सैनिकांसाठी समुद्र आणि रणभूमी यांतील अखेरचा दुवा याच नौका होत्या. रॅम्प पडताच समोर मशीनगनचा मारा असे, हे वास्तव कोणतीही नौका बदलू शकत नव्हती. सैनिक एकदम बाहेर पडू शकत आणि रिकामी नौका पुढची तुकडी आणण्यासाठी मागे फिरे, एवढेच तिच्या हाती होते. तेवढ्यानेच किनारे जिंकणे शक्य झाले.

कर्त्याचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे नव्हते. २०० लिबर्टी मालवाहू जहाजांचे प्रचंड कंत्राट सरकारने पोलादाच्या टंचाईचे कारण देऊन जुलै १९४२ मध्येच रद्द केले होते. शांतता आली आणि नौकांची मागणी ओसरली. कामगार संघटनांशी तंटे चिघळले. १९४५ च्या अखेरीस कंपनी गुंडाळावी लागली. १९४६ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरुवात झाली, पण जुने वैभव परतले नाही. १ ऑगस्ट १९५२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे वयाच्या ६५ व्या वर्षी हिगिन्स यांचे निधन झाले.

पुढे १९६४ मध्ये, नॉर्मंडी मोहिमेचे सरसेनापती राहिलेले आयसेनहॉवर यांनी इतिहासकार स्टीफन अँब्रोज यांच्याशी बोलताना विजयाचे मोठे श्रेय हिगिन्स यांना दिले. याच अँब्रोज यांच्या पुढाकाराने ६ जून २००० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये डी-डे संग्रहालय उभे राहिले. आज ते राष्ट्रीय दुसरे महायुद्ध संग्रहालय म्हणून ओळखले जाते. तेथील हिगिन्स बोट मात्र युद्धातून आलेली नाही. मूळ आराखड्यांवरून स्वयंसेवकांनी ती पूर्ण आकारात नव्याने बांधली आणि त्यांत हिगिन्स यांच्या कारखान्यातील जुने कामगारही होते. हजारोंनी बांधलेल्या नौकांपैकी मूळच्या फारच थोड्या उरल्या आहेत. युद्धानंतर त्या मासेमारीला, मालवाहतुकीला लागल्या किंवा काठावर पडून कुजल्या. पोलादी युद्धनौका स्मारके झाल्या, लाकूड मातीला मिळाले.

म्हणूनच टेबलावरच्या त्या वीतभर प्रतिकृतीला केवळ करमणूक म्हणता येत नाही. क्रुलॅक यांच्या हातातील प्रतिकृतीने ही नौका घडवण्यास हातभार लावला. आज जोडल्या जाणाऱ्या प्रतिकृती तिची आठवण टिकवतात. आणि ती उलटी करून तळाची पन्हळ पाहिली, की समुद्रापासून दूर जन्मलेल्या त्या लाकूड व्यापाऱ्याचे स्मरण होते.