पत आणि प्रत्यय : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन

दक्षिण महाराष्ट्राच्या मातीने अनेक नररत्ने दिली. त्यांत शिक्षणाची गंगा गरिबाच्या झोपडीपर्यंत नेणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. जैन समाजाला त्यांचा सार्थ अभिमान वाटतो आणि तो वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र हा अभिमान मिरवताना त्यांच्या आयुष्यातील पहिली पंचवीस-सत्तावीस वर्षे आपण सहसा विसरून जातो. पांढरी दाढी, अंगावर खादी आणि हाती काठी घेतलेली त्यांची धीरगंभीर मूर्तीच डोळ्यांसमोर येते, आणि हा पुरुष जन्मतःच असा खंबीर असला पाहिजे अशी आपली समजूत होते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी बाहुबली क्षेत्राच्या छायेतील कुंभोज या गावी झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगौंडा महसूल खात्यात कारकून होते, मातोश्री गंगूबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण गावोगावी झाले, आणि पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली. अंगाने धिप्पाड, कुस्तीचा व मैदानी खेळांचा नाद मोठा, अभ्यासात मात्र गती बेताचीच. मॅट्रिकची पायरी त्यांना कधीच चढता आली नाही.

याच काळात राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते आवर्जून गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची अट घालण्यात आली, ती त्यांनी साफ नाकारली. परिणामी बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले. बोर्डिंगचे अधीक्षक तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे होते. लठ्ठे हेही समाजाचे थोर पुरुष. 1937 साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. तेव्हा हा प्रसंग कोणा दुष्टाने एका सज्जनावर केलेल्या अन्यायाचा नाही. शिस्त सांभाळणारी चांगली माणसेसुद्धा काळाच्या चौकटीत कशी अडकतात, याचे ते उदाहरण आहे. समाजाच्या वसतिगृहातून समाजाच्याच मुलाला याच कारणाने जावे लागले, ही गोष्ट समाजाने लपवू नये. ती आपल्या इतिहासाच्या खातेवहीत नावे पडलेली रक्कम आहे.

शिक्षण अर्धवट सुटले, घरी वडिलांचा रोष ओढवला. विवाह झालेला, कमाई शून्य. अशा अवस्थेत घर सोडून भाऊराव साताऱ्यास आले आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. स्वतः मॅट्रिक न झालेल्या तरुणाने शिकवण्यांवर संसार चालवावा, हे ऐकायला नवल वाटते, पण शिकवण्या उत्तम चालल्या. आपल्याला काही येत नाही असे ज्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले, त्याला आपल्या हाताखाली मुले शिकतात याचा प्रत्यय प्रथम येथे आला. त्याच सुमारास, 1910 च्या आसपास, सांगलीजवळच्या दुधगावी काही मित्रांच्या साह्याने सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम निघाला. घरोघरच्या गृहिणींनी दळणातून मूठभर धान्य बाजूला काढावे, ते गोळा करून मुलांचे पोट भरावे, अशी मुष्टिफंडाची साधी योजना होती. पुढे जो वटवृक्ष झाला, त्याचे बीज या मुठीत होते.

परंतु नशिबी आणखी एक कडवट परीक्षा लिहिलेली होती. 1914 साली कोल्हापुरात राजघराण्यातील इंग्रजी पुतळ्यांवर कोणी तरी डांबर टाकले आणि मोठी खळबळ उडाली. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळवण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यांच्या अधीक्षकपदाच्या काळात आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची याहून सोपी संधी कोणती? भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यासाठी तुरुंगवास भोगला, छळ सोसला. कोठडीत त्यांचे मन इतके खचले की जीवन संपवण्याचेही प्रयत्न त्यांच्या हातून झाले. सुदैवाने ते वाचले आणि अखेर सुटले. महापुरुषांच्या चरित्रांतून अशी पाने हळूच गाळली जातात, ते योग्य नाही. पुढे हजारो मुलांना ताठ मानेने उभे करणारा हा माणूस एके काळी स्वतः पूर्ण कोसळला होता, हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्या कार्याचे मोल कळत नाही.

सुटकेनंतरचा काळ व्यापारी वर्गाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. भाऊरावांनी ओगले यांच्या काच कारखान्याचा व किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करण्याचे काम पत्करले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला माल विकणे म्हणजे आधी त्याचा विश्वास मिळवणे. भाऊराव खेड्यापाड्यांतून पायपीट करीत, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसत, त्याची सुखदुःखे ऐकत, आणि मग नांगराचा विषय काढीत. नकार पचवण्याची सवय त्यांना या काळात जडली. विक्रेत्याला दिवसातून दहा वेळा नाही ऐकावे लागते आणि अकराव्या दारात तितक्याच प्रसन्न मुद्रेने जावे लागते. पुढे संस्थेसाठी झोळी पसरताना हीच शिदोरी कामी आली. या भ्रमंतीत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. शेतकरी कष्टात कमी नव्हता, पण सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. नांगर सुधारला तरी अंगठ्याचा ठसा तसाच राहिला, तर पीक दुसऱ्याच्याच घरी जाणार, ही खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या मेळाव्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नाव ठेवतानाच दृष्टी स्पष्ट होती. ना राजाचे नाव, ना जातीचे, ना देणगीदाराचे. नाव रयतेचे. पुढे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला, त्यातही भाऊरावांचा वाटा होता. मात्र मतभेद होऊन त्यांनी ती वाट सोडली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. उद्योगाच्या मार्गावर राहते तर भाऊरावही धनिक झाले असते, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

1924 साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहू लागली, एकत्र स्वयंपाक करून एकाच पंगतीत जेवू लागली. आज यात विशेष वाटणार नाही, त्या काळी हे धाडस अंगावर येणारे होते. याआधीच शाळेबाहेर बसून धडे ऐकणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य मुलाचा हात धरून भाऊरावांनी त्याला शिक्षणाच्या वाटेवर आणले होते. हा मुलगा पुढे विधिमंडळाचा सदस्य झाला.

या वसतिगृहाची खरी माउली म्हणजे भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई. माहेर सुखवस्तू आणि सोवळ्याओवळ्याचे संस्कार कडक. अशा घरातून आलेल्या या जैन स्त्रीने जातीपातीची भिंत स्वतःच्या चुलीपाशी मोडली, आणि कोणाची कोण मुले पोटच्या पोरांसारखी सांभाळली. पैशाची तर कायमच ओढाताण. एकेक करून अंगावरचे दागिने मोडले गेले. भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतील धान्य संपले, तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही देऊन टाकले. पतीच्या कार्यावर असा विश्वास टाकणारी पत्नी नसती, तर भाऊरावांचा स्वतःवरचा विश्वास कितपत टिकला असता, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. 1930 साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेचे वैभव पाहणे त्यांच्या भाग्यात नव्हते. समाजाच्या सभांमध्ये भाऊरावांच्या तसबिरीला हार घालताना शेजारी या माउलीची तसबीर क्वचितच असते, एवढे नमूद करणे प्राप्त आहे.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. नाना जातींची मुले एकत्र नांदताना पाहून, साबरमतीस आपल्याला जे साधले नाही ते येथे साधले आहे, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी काढल्याचे सांगितले जाते.

भाऊरावांच्या शिक्षणपद्धतीचे मर्म श्रमात होते. कमवा आणि शिका ही योजना आज सर्वत्र परिचित आहे, पण तिच्यामागील विचार केवळ खर्च भागवण्याचा नव्हता. गरिबाच्या मुलाला फुकट जेवू घातले तर त्याचे पोट भरते, परंतु मान खाली जाते. तेच अन्न त्याने माळरान खणून, दगड फोडून, भाजीचे वाफे शिंपून मिळवले तर तो कोणाचा मिंधा राहत नाही. भाऊरावांनी दान घेतले ते संस्थेसाठी. मुलाच्या हाती मात्र त्यांनी दान ठेवले नाही, कुदळ ठेवली. संस्थेच्या अनेक इमारतींच्या भिंतींत विद्यार्थ्यांचा स्वतःचा घाम मुरलेला आहे. स्वावलंबन, स्वाभिमान, स्वाध्याय आणि स्वातंत्र्य ही चतुःसूत्री संस्थेने स्वीकारली, तिच्यात स्वावलंबन अग्रभागी आहे. दयेने दिलेली मदत आणि हिंमत वाढवणारी मदत यांत अंतर असते. धर्मादाय कार्य करणाऱ्या पुष्कळ संस्थांना हे अंतर अजूनही उमगलेले नाही.

यापुढील वाढ डोळे दिपवणारी आहे. 1935 साली संस्था रीतसर नोंदली गेली आणि त्याच वर्षी शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज साताऱ्यात निघाले. 1938 पासून यवतेश्वरापासून आरंभ होऊन डोंगरकपारींतील गावांत व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. देवळात, धर्मशाळेत, झाडाखाली, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरत. 1940 साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल, 1942 साली स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय आणि 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. या कॉलेजचे नाव बदलून आपल्या नावाने करावे, मोठी देणगी देतो, असा प्रस्ताव एका धनिकाने ठेवल्याची कथा सांगतात. एक वेळ वडिलांचे नाव बदलीन, पण कॉलेजला दिलेले महाराजांचे नाव बदलणार नाही, असे उत्तर देऊन भाऊरावांनी ती रक्कम परत फिरवली. पैशाची गरज पदोपदी असताना पैसा नाकारणे, यासाठी निराळेच बळ लागते. व्यापारात त्याला पत म्हणतात. पत असलेला माणूस घाईने सौदा करीत नाही.

सत्तेशी खटका उडाला तेव्हाही हे बळ दिसले. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांनी केलेल्या परखड टीकेमुळे संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ थांबले. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. भाऊराव डगमगले नाहीत, ते पुन्हा रयतेकडे गेले आणि रयतेने आपल्या परीने हात दिला. संत गाडगे महाराजांनीही मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेसाठी रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या संताचे नाव 1954 साली कराडच्या नव्या महाविद्यालयाला देण्यात आले. 1955 साली मौलाना आझाद यांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालय निघाले. राजा, संत, मुसलमान पंडित अशी ही नावे पाहिली म्हणजे अनेकान्ताची शिकवण घराबाहेर कशी आचरावी, याचा वेगळा पाठ देण्याची आवश्यकता उरत नाही.

भाऊरावांच्या हयातीत संस्थेने 38 वसतिगृहे, 578 व्हॉलंटरी शाळा, 6 ट्रेनिंग कॉलेजे, 108 माध्यमिक शाळा आणि 3 महाविद्यालये चालवली. वसतिगृहातून निघालेला एक गरीब मुलगा, पी. जी. पाटील, बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचला.

1959 साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताबाने गौरवले. त्याच वर्षी 5 एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्मान्य पदवी दिली. मॅट्रिकच्या उंबरठ्यावरून परत फिरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती विद्यापीठाची सर्वोच्च पदवी आली, तेव्हा देह थकलेला होता. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, 9 मे 1959 रोजी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात, संस्थेच्या आवारात, त्यांची समाधी आहे. जवळच मुलांची वसतिगृहे आहेत.