थंड देशात केळी पिकवणारा माळी

जळगावहून देशभर जाणारी बसराई, श्रीमंती किंवा ग्रँड नैन केळी शास्त्रीय वर्गीकरणात 'कॅव्हेंडिश' गटात मोडते. हे आडनाव आहे इंग्लंडमधील डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचे. जळगावच्या बागा त्या घराण्याच्या उद्यानातून आलेल्या नाहीत, या गटातील केळी आशियात पूर्वापार होतीच. मात्र, तिला हे नाव मिळाले ते डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ येथे. हिवाळ्यात जेथे जमीन गोठते, तेथे काचेच्या छताखाली केळीचा घड पिकवून दाखविणाऱ्या माळ्याचे नाव होते जोसेफ पॅक्स्टन.

पॅक्स्टन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी बेडफर्डशायरमधील मिल्टन ब्रायन या खेड्यात एका सामान्य शेतकऱ्याच्या घरी झाला. सात मुलग्यांत ते सर्वात धाकटे. शालेय शिक्षण जेमतेम. १८२३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या चिझिक येथील बागेत नोकरी धरताना त्यांनी आपले जन्मवर्ष १८०१ असे सांगून वय दोन वर्षांनी वाढविले. या बागेला लागूनच डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांची वास्तू होती. जाता-येता बोलणे होणारा हा तरुण माळी ड्यूकच्या नजरेत भरला आणि १८२६ मध्ये चॅट्सवर्थच्या मुख्य माळ्याचे पद त्यांनी त्याला देऊ केले.

९ मे १८२६ च्या पहाटे साडेचारला पॅक्स्टन तेथे पोहोचले. फाटक बंद असल्याने ते चढून आत गेले, सारी बाग पायाखाली घातली आणि सहा वाजता आलेल्या मजुरांना कामाला लावले. नंतर न्याहारीच्या वेळी हवेलीच्या कारभारणीची भाची सारा बाऊन हिच्याशी त्यांची ओळख झाली. पुढच्याच वर्षी दोघे विवाहबद्ध झाले. पॅक्स्टन यांच्या वाढत्या व्यापाचा हिशेब पुढे आयुष्यभर साराबाईंनीच सांभाळला.

उष्ण प्रदेशातील झाडे थंड देशात जगविण्याचा ध्यास तेव्हाच्या धनिकांना होताच. परंतु बहुतेक झाडे मरत. जाड लाकडी चौकटींमुळे काचघरे अंधारी असत, हवा कोंडलेली असे आणि उष्णतेचा अतिरेक होई. केवळ ऊब दिली की झाड जगते, हा समज पॅक्स्टन यांनी बाजूला सारला. झाडाला उजेड हवा, खेळती हवा हवी आणि त्याच्या मूळ ठिकाणी असते तेवढीच ऊब हवी, हे त्यांचे सूत्र होते. त्यांनी छताच्या काचा पन्हळीप्रमाणे उंचसखल बसविल्या. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन काचेवर थेट पडे आणि दुपारचा ताप सौम्य होई.

या सूत्राची कसोटी भारतातून आलेल्या वनस्पतींवर लागली. १८३५ मध्ये ड्यूकच्या खर्चाने जॉन गिब्सन हा तरुण माळी कलकत्त्याला धाडण्यात आला. खासी टेकड्यांमधील ऑर्किडचा मोठा संग्रह आणि ब्रह्मदेशचा शोभिवंत 'अॅम्हर्स्टिया' वृक्ष घेऊन तो १८३७ मध्ये परतला. धुक्याच्या थंड डोंगरातील ऑर्किडना भट्टीसारखी उष्णता मानवणार नाही, हे ओळखून पॅक्स्टन यांनी वनस्पतींच्या मूळ हवामानानुसार त्यांची काचघरे वेगळी केली. मात्र, अॅम्हर्स्टियाने त्यांना हुलकावणी दिली. इंग्लंडमधील त्याचे पहिले फूल १८४९ मध्ये उमलले ते चॅट्सवर्थला नव्हे, तर लंडनजवळ ईलिंग येथील लुईझा लॉरेन्स यांच्या बागेत.

केळीने मात्र लवकर साथ दिली. मॉरिशसमार्गे इंग्लंडमध्ये आलेले हे ठेंगणे वाण चॅट्सवर्थला नोव्हेंबर १८३५ मध्ये निसवले आणि मे १८३६ पर्यंत घडाला शंभराहून अधिक फळे लागली. ड्यूकच्या सन्मानार्थ तिला 'कॅव्हेंडिश' म्हटले जाऊ लागले.

पाठोपाठ १८३६ ते १८४० या काळात 'ग्रेट स्टोव्ह' हे अजस्र काचघर उभे राहिले. आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लांबीच्या नळ्यांतून तेथे गरम पाणी फिरे. कोळसा भुयारी मार्गाने येई. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने बारा हजार दिव्यांच्या उजेडात त्याची सैर केली.

१८४९ मध्ये क्यूच्या राजोद्यानातून दक्षिण अमेरिकेतील महाकाय कमळाचे रोप पॅक्स्टन यांनी आणले. क्यूला ते फुलत नव्हते. पॅक्स्टन यांनी हौदातील पाणी कोमट ठेवले आणि एक छोटे चक्र फिरवून ते हलते राखले. त्याच नोव्हेंबरमध्ये कमळ फुलले. पानाची ताकद दाखविण्यासाठी त्यांनी आपली सात-आठ वर्षांची मुलगी अॅनी हिला पानावर उभे केले. पानाखालच्या शिरांची जाळीदार बांधणी त्यांच्या मनात ठसली. चॅट्सवर्थच्या काचघरांचा अनुभव आणि ही बांधणी यांतूनच १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी 'क्रिस्टल पॅलेस' साकारला. साठ लाखांहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले आणि शेतकऱ्याचा हा मुलगा 'सर' जोसेफ झाला. पुढे ते कॉव्हेंट्रीचे खासदारही झाले.

त्यांचा शिष्य गिब्सन याने याच विद्येला काचेबाहेर आणले. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १८६४ मध्ये त्याने केळी, ताड, कर्दळ उन्हाळ्यापुरती उघड्यावर लावली. वाऱ्याला अडविण्यासाठी मातीचे उंचवटे आणि झाडांचा आडोसा केला. हिवाळ्यापूर्वी नाजूक झाडे पुन्हा काचेखाली जात. सरदारांच्या हवेलीतील वैभव अशा रीतीने लंडनच्या सामान्य नागरिकांनाही पाहावयास मिळाले.

८ जून १८६५ रोजी पॅक्स्टन यांचे निधन झाले. चॅट्सवर्थजवळ एडेन्सर येथे त्यांची समाधी आहे. ग्रेट स्टोव्हला मात्र परावलंबी ऊब भोवली. पहिल्या महायुद्धात माणसे आणि कोळसा दोन्हींची टंचाई झाली. भट्ट्या थंडावल्या, झाडे गारठून मेली आणि १९२० मध्ये वास्तू सुरुंग लावून पाडण्यात आली. तेथे आता झुडपांचा चक्रव्यूह आहे. क्रिस्टल पॅलेसही १९३६ मध्ये जळून खाक झाला.

केळी तेवढी उरली. १८३८ मध्ये इंग्लंडहून निघालेले मिशनरी जॉन विल्यम्स यांनी चॅट्सवर्थची रोपे सामोआला नेली आणि तेथून ती पॅसिफिकच्या इतर बेटांवर पसरली. विसाव्या शतकाच्या मध्यास 'पनामा' मर रोगाने 'ग्रोस मिशेल' या निर्यातीच्या वाणाचा घास घेतला, तेव्हा जगाच्या बाजाराने कॅव्हेंडिशचाच आधार घेतला. आज त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मुळावर उठला आहे. मुनव्यांपासून वा उतीसंवर्धित रोपांपासून वाढणाऱ्या या केळीत जनुकीय वैविध्य नसल्यासारखेच असल्याने एका झाडाचा रोग साऱ्या बागेला धोका ठरतो. प्रत्येक झाडाची गरज निराळी, हे ओळखणाऱ्या माळ्याने वाढविलेले वाण आज एकसारखेपणामुळेच संकटात आहे.