लोराँ क्लेर : खुणांच्या भाषेचा आचार्य

फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठी ला बाल्म नावाचे खेडे आहे. तेथे २६ डिसेंबर १७८५ रोजी लोराँ क्लेर याचा जन्म झाला. तो वर्षाचा असताना विस्तवात पडला व त्याचा गाल भाजला. बहिरेपण त्या अपघाताचे की जन्माचे, हे पुढे त्यालाही सांगता येत नसे. आईने त्याला वैद्यांकडे नेले, कानांत औषधे घालविली. गुण आला नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत गुरे चारण्यापलीकडे त्याला शिक्षण असे मिळालेच नाही.

१७९७ साली काकाने त्याला पॅरिसच्या बहिऱ्यांच्या शाळेत घातले. तेथील त्याचे गुरू जाँ मास्यू हे स्वतः जन्मबधिर होते. बालमित्रांनो, या एका गोष्टीचे मोल फार मोठे! आपल्यासारखाच न ऐकणारा मनुष्य विद्वान होतो, इतरांस शिकवितो, हे त्या मुलाने रोज डोळ्यांसमोर पाहिले. गालावर दोन बोटे फिरविणे ही त्याची खूण ठरली. ज्या व्रणाची लाज वाटावयाची, तोच त्याचे नाव झाला.

याच शाळेत एका अध्यापकाने त्याला तोंडाने बोलावयास शिकविण्याचा हट्ट धरला. उच्चार साधेना, तेव्हा रागाने हनुवटीखाली असा ठोसा मारला की मुलाची जीभ दातांखाली चावली गेली. आम्ही शिक्षक, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. क्लेरने पुन्हा बोलण्याचा यत्न न करण्याचा निश्चय केला व तो पाळला. फ्रेंच लिहिण्यात मात्र तो निपुण झाला. घरी कोंकणी व शाळेत मराठी वापरणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटू नये.

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे डॉक्टर कॉग्स्वेल यांची कन्या ॲलिस बहिरी होती. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढावी म्हणून थॉमस गॅलॉडेट हे गृहस्थ युरोपात आले होते. त्यांच्या विनंतीवरून क्लेर १८१६ च्या जूनमध्ये जहाजात बसला. बावन्न दिवसांच्या प्रवासात गॅलॉडेट त्याच्याकडून खुणा शिकले व तो त्यांच्याकडून इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा उघडली. ॲलिस तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होती. १८५८ पर्यंत क्लेर तेथे शिकवीत राहिला. त्याच्या शिष्यांनी इतरत्र शाळा चालविल्या आणि त्याच्या फ्रेंच खुणा तेथील मुलांच्या घरगुती खुणांत मिसळून आजची अमेरिकन खूणभाषा घडली.

१८ जुलै १८६९ रोजी तो वारला. अकरा वर्षांनी मिलान येथील परिषदेत, जेथे बहुतेक सर्व मतदार ऐकू येणारे होते, शाळांतून खुणा काढून टाकण्याचा ठराव झाला. कित्येक पिढ्यांच्या मुलांना हात आवरून बसावे लागले. व्हँकूव्हरच्या परिषदेने तो ठराव झिडकारला तो २०१० साली!

क्लेरची पत्नी एलायझा ही त्याचीच बहिरी विद्यार्थिनी. मुले मात्र ऐकणारी. चार्ल्स पील या चित्रकाराने १८२२ साली तिचे व तान्ह्या एलिझाबेथचे चित्र काढले. मायलेकींच्या नावांचे आद्याक्षर एकच, आणि त्या चित्रात ते हाताच्या खुणेने दाखविले आहे.