विश्लेषण : जाफन्याच्या दक्षिणामूर्तींचा तविल तमिळनाडूनेही का मानला?

तमिळ मंदिरातील उत्सव असो की लग्नातला मंगळसूत्राचा क्षण, नादस्वरमच्या जोडीला तविल हवाच. आपल्याकडे सनईसोबत चौघडा, तसेच काहीसे. गळ्यात पट्टा, डाव्या हातात जाड काठी आणि उजव्या हाताच्या बोटांवर कडक टोप्या. आवाज असा खणखणीत, की मिरवणुकीत माइक लागत नाही. या वाद्यातील सर्वात मोठ्या नावांपैकी एक मात्र तमिळनाडूतले नाही. ते आहे श्रीलंकेतील जाफन्याचे व्ही. दक्षिणामूर्ती.

घरातच तविल

त्यांचा जन्म १९३३ चा. वडील विश्वलिंगम हेही तविलवादक. जाफन्यातील मंदिरांनी अशी वादक घराणी पिढ्यानपिढ्या पोसली होती. काहींचे मूळ तमिळनाडूत होते. देवासमोर मान, पण समाजात जातीची पायरी खालचीच, हे त्यांचे वास्तव. दक्षिणामूर्ती पुढे तमिळनाडूत नाचियारकोविल राघव पिळ्ळै यांच्याकडे शिकले आणि नंतर त्यांच्याच शेजारी बसून वाजवू लागले.

वेगळेपण कशात?

तविलचे माहेर म्हणजे कावेरीचे खोरे. तिथल्या जाणकारांपुढे समुद्रापलीकडून आलेल्या वादकाने उभे राहणे सोपे नव्हते. दक्षिणामूर्तींचा वेग अफाट होता, पण नुसत्या वेगाचे कौतुक किती टिकणार? त्या वेगातही त्यांचा प्रत्येक बोल सुटा ऐकू येई. मृदंगमचे बादशहा पालघाट मणी अय्यर यांनीही त्यांची थोरवी मोकळेपणाने मान्य केली. मंदिरातल्या वादकाला मैफलीच्या कलावंताने दिलेली ही दाद त्या काळात साधी नव्हती.

१९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी ते गेले.

पुढे काय झाले?

१९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर श्रीलंकेत यादवी पेटली. ती २००९ पर्यंत चालली. लाखो तमिळ कॅनडा, ब्रिटन आणि युरोपात गेले. तिथे त्यांनी मंदिरे उभारली, रथोत्सव सुरू केले. रथ म्हटला की तविल आलाच. त्यामुळे वादकांनाही तिकडून बोलावणी येऊ लागली. दक्षिणामूर्तींची जुनी ध्वनिमुद्रणे आता यूट्यूबवर आहेत. त्यांच्यावरील अम्शन कुमार यांच्या माहितीपटाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही मिळाला, मृत्यूनंतर सुमारे ४० वर्षांनी.