दयानंद बांदोडकर

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर (१२ मार्च, इ.स. १९११ – १२ ऑगस्ट, इ.स. १९७३) हे गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, खाण उद्योजक आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे संस्थापक नेते होते. भाऊसाहेब या नावाने ते ओळखले जात. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे या मागणीचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते. या प्रश्नावर जनतेचा कौल घेता यावा म्हणून इ.स. १९६६ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी, इ.स. १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारले. मात्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच जनतेने बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. मृत्यूपर्यंत ते मुख्यमंत्रिपदावर होते.

पूर्वायुष्य

बांदोडकरांचा जन्म उत्तर गोव्यातील पेडणे येथे झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. तरुणपणी ते व्यापारात शिरले आणि पुढे खाण व्यवसायात त्यांनी जम बसवला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिजाला, विशेषतः जपानकडून, मोठी मागणी आली. त्या भरभराटीत पुढे आलेल्या गोमंतकीय खाणमालकांत बांदोडकरांची गणना होई. मिळालेल्या संपत्तीतून शिक्षणसंस्थांना, देवस्थानांना आणि गरजू व्यक्तींना त्यांनी सढळ हाताने मदत केली. राजकारणात येण्यापूर्वीच खेडोपाडी त्यांचे नाव पोहोचले होते, ते या दातृत्वामुळे.

मुक्तीनंतरचा गोवा

१९ डिसेंबर, इ.स. १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि सुमारे साडेचार शतकांची पोर्तुगीज राजवट संपली. इ.स. १९६२ मधील बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. या प्रदेशाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र उघडाच राहिला. १ मे, इ.स. १९६० रोजी मराठी भाषकांचे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. गोव्यातील शाळा, देवळे, नाटके व वृत्तपत्रे यांची भाषा मोठ्या प्रमाणावर मराठी असल्याने गोवा महाराष्ट्राचाच भाग आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. कोकणी ही स्वतंत्र भाषा असून गोव्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे, असे दुसरा पक्ष मानत होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी गोव्याची वेगळी ओळख काही काळ जपण्याचे आश्वासन दिले होते.

या वादाला सामाजिक बाजूही होती. पोर्तुगीज काळात जमीन प्रामुख्याने भाटकारांच्या हाती होती. कुळे आणि भाटकारांच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार त्यांच्यावर अवलंबून असत. बहुजन समाजातील अनेकांना महाराष्ट्रात सामील होणे म्हणजे कूळकायदा, शाळा आणि नोकऱ्या यांची वाट मोकळी होणे वाटत होते. बांदोडकरांच्या राजकारणाचा पाया या अपेक्षेत होता.

पहिली निवडणूक व मुख्यमंत्रिपद

इ.स. १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची स्थापना झाली. विलीनीकरणविरोधी गट डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड गोवन्स पक्षात एकत्र आले. ९ डिसेंबर, इ.स. १९६३ रोजी ३० जागांच्या विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याचे मित्र यांना मिळून १६, तर युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या मुख्य भूमीत एकही जागा मिळाली नाही. बांदोडकरांनी स्वतः ही निवडणूक लढवली नव्हती. तरीही पक्षाने त्यांची नेतेपदी निवड केली आणि २० डिसेंबर, इ.स. १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. पुढे पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले.

विलीनीकरणाचा वाद

हा विजय म्हणजेच विलीनीकरणाला मिळालेली संमती होय, अशी बांदोडकरांच्या पक्षाची भूमिका होती. इ.स. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठराव केला आणि महाराष्ट्र विधिमंडळानेही तशी मागणी केली. शेजारच्या म्हैसूर राज्याचा याला विरोध होता. याच काळात महाराष्ट्रातून अनेक अधिकारी गोव्याच्या प्रशासनात प्रतिनियुक्तीवर आणले गेले. विलीनीकरणाचा निर्णय आधीच राबवला जात असल्याची शंका त्यामुळे विरोधकांत बळावली.

सिक्वेरा यांनी वेगळा मुद्दा मांडला. विधानसभेची निवडणूक अनेक कारणांवर लढवली जाते. एखाद्या प्रदेशाचे अस्तित्व संपवण्याचा निर्णय साध्या बहुमताने आमदारांनी घेऊ नये, तो थेट मतदारांना विचारावा, अशी त्यांची मागणी होती. ती त्यांनी दिल्लीत नेहरू, लालबहादूर शास्त्री आणि इंदिरा गांधी या तिन्ही पंतप्रधानांकडे लावून धरली. अखेर इंदिरा गांधी यांच्या सरकारने ती मान्य केली आणि डिसेंबर, इ.स. १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा संमत केला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मताचा अधिकार द्यावा, ही मागणी मात्र फेटाळली गेली.

राजीनामा

विलीनीकरणवादी मंत्रिमंडळ सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, विधानसभा विसर्जित झाली आणि ३ डिसेंबर, इ.स. १९६६ पासून राष्ट्रपती राजवट लागू झाली. पाच वर्षांच्या मुदतीपैकी सुमारे दोन वर्षे शिल्लक असताना, बहुमत हाती असूनही, सत्ता सोडून कौलाला सामोरे जाण्याचा हा निर्णय बांदोडकरांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा राजकीय धोका ठरला.

जनमत कौल

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : गोव्यातील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, एवढेच ठरवायचे होते. दमण व दीवमधील मतदारांसाठी महाराष्ट्राऐवजी गुजरातचा पर्याय होता. स्वतंत्र राज्याचा पर्याय कोणालाही नव्हता. विलीनीकरणासाठी फूल, तर वेगळेपणासाठी दोन पाने हे चिन्ह होते.

प्रचार घराघरांत पोहोचला. बांदोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीचे नाते, कुळांचे हक्क आणि भाटकारशाहीचा अंत हे मुद्दे मांडले. विरोधकांनी गोव्याची ओळख, स्थानिकांच्या नोकऱ्या आणि महाराष्ट्रातील दारूबंदी यांवर भर दिला. दारूबंदीचा मुद्दा माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या पोटापाण्याशी निगडित होता. राष्ट्रमत या मराठी दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध मोहीम चालवली आणि उदय भेंब्रे यांचे त्यातील लेखन गाजले. उल्हास बुयांव यांच्या कोकणी गाण्यांनी सभा गाजवल्या. मराठीतूनच विलीनीकरणाला विरोध झाल्याने हा केवळ मराठी विरुद्ध कोकणी असा झगडा राहिला नाही.

१६ जानेवारी, इ.स. १९६७ रोजी मतदान झाले. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के मतदारांनी मत दिले. केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. साष्टी तालुक्यात विरोधी मतांचे पारडे फार जड होते. ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी असताना विरोधात निम्म्याहून अधिक मते पडली. विलीनीकरण नको असलेल्यांत हिंदू मतदारही मोठ्या संख्येने होते, हे त्यावरून दिसते.

पुन्हा मुख्यमंत्रिपदी

मार्च, इ.स. १९६७ मध्ये नवी विधानसभा निवडली गेली. ज्या मागणीसाठी पक्ष स्थापन झाला होता ती दोन महिन्यांपूर्वीच फेटाळली गेली असल्याने त्याची पीछेहाट होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६, तर युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. ५ एप्रिल, इ.स. १९६७ रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोवा कोठे असावा आणि गोव्यावर राज्य कोणी करावे, हे दोन प्रश्न मतदारांनी वेगळे मानले होते. पक्षाचे नाव तेच राहिले. पण विलीनीकरणाचा प्रश्न व्यवहारात मागे पडला आणि जो प्रदेश दुसऱ्या राज्यात मिळवण्यासाठी बांदोडकर झटले होते, त्याचीच स्वतंत्र घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

शासन व कार्य

बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज काळात शिक्षणापासून दूर राहिलेल्या घरांतील पहिली पिढी त्यांतून शिकली. इ.स. १९६४ च्या कूळकायद्याने कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती व मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर झाला. इ.स. १९७० मध्ये कला अकादमीची स्थापना झाली. संगीत, नाटक आणि खेळ यांचे ते आश्रयदाते होते. फुटबॉलमधील बांदोडकर चषक त्यांच्या नावाने ओळखला जातो.

इ.स. १९७० मध्ये पक्षातील काही आमदारांनी त्यांच्या कार्यपद्धतीविरुद्ध बंड केले, मात्र सरकार टिकले. पक्ष आणि शासन यांत सत्ता एका व्यक्तीभोवती एकवटल्याची टीका त्यांच्यावर झाली. इ.स. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १८ पर्यंत वाढल्या.

मृत्यू

मुख्यमंत्रिपदावर असतानाच १२ ऑगस्ट, इ.स. १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले. त्यांच्यानंतर त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि इ.स. १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. पणजीजवळ मिरामार किनाऱ्यावर बांदोडकरांची समाधी आहे.

वारसा

स्वतंत्र भारतात जुनागढ (इ.स. १९४८), चंदननगर (इ.स. १९४९) आणि सिक्कीम (इ.स. १९७५) येथेही जनमत घेतले गेले, पण तेथील प्रश्न भारतात सामील होण्याशी संबंधित होते. भारतात आधीच असलेल्या प्रदेशाने आपले स्थान काय असावे हे मतपेटीतून ठरवले, हे गोव्याच्या कौलाचे वेगळेपण आहे. भाषावार राज्यरचना बहुतांशी आयोग, वाटाघाटी आणि आंदोलने यांतून झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शंभराहून अधिक लोकांनी प्राण गमावले. गोव्यात हा प्रश्न एका दिवसाच्या मतदानाने सुटला आणि हरलेल्या पक्षाने निकालानंतर पुन्हा निवडणुकीचाच मार्ग धरला.

कौलामुळे टिकलेला केंद्रशासित प्रदेश हीच पुढील घटकराज्याची पूर्वतयारी ठरली. फेब्रुवारी, इ.स. १९८७ मध्ये कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात स्थान मिळाले. ३० मे, इ.स. १९८७ रोजी दमण व दीव वेगळे करून गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. सिक्वेरा यांना जनमत कौलाचे जनक मानले जाते, तर बांदोडकरांना आधुनिक गोव्याचे शिल्पकार म्हटले जाते. विलीनीकरणाच्या प्रश्नावर परस्परविरोधी बाजूंना उभे राहिलेल्या या दोन्ही नेत्यांची नावे आज गोव्याच्या इतिहासात एकत्रच घेतली जातात.