उस्तादांच्या मुलाचा विसरलेला आवाज : सुरेशबाबू माने

आपल्या बारामती-इंदापूर भागातली जी कुटुंबे मिरजेला हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात हाजिरीला जातात, त्यांना तिथे दफन असलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव माहीत असते. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आज आपण त्यांचीच ओळख करून घेऊ.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या किराणा गावचा. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गवई होते. तिथेच त्यांची आणि ताराबाई माने यांची गाठ पडली आणि दोघांनी पुढे संसार थाटला. 1902 मध्ये मुलगा झाला, नाव ठेवले अब्दुल रहमान. मागून चंपाकली, गुलाब, सकीना आणि कृष्णराव अशी भावंडे आली. 1913 मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. घरात आणि शाळेत सकाळ-संध्याकाळ सूर भरलेले. मुलाची पहिली तालीम वालिदांकडेच झाली.

मग 1922 च्या सुमारास घर फुटले. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने, चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर आणि सकीना झाल्या सरस्वती राणे. खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. एका घरातली माणसे दोन ठिकाणी आणि दोन प्रकारच्या नावांनी जगू लागली.

नाव बदलले, पण गळा कसा बदलणार? तोच हळवा, गोड लगाव. तीच एकेका सुरावर थांबून, सावकाश पुढे सरकायची रीत. सुरेशबाबूंनी किराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडेही तालीम घेतली, त्यामुळे रागाची शिस्तशीर बढत त्यांच्या गाण्यात आली. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, सगळे ते गात.

आणि इथेच त्यांची अडचण झाली असे आम्हाला वाटते. एका बाजूला वालिदांचे एवढे मोठे नाव, दुसऱ्या बाजूला बहीण हिराबाई मैफली गाजवणारी. मधल्या माणसाकडे कोण बघणार? आम्ही शिक्षक मंडळी वर्गात ‘नक्कल करू नका’ असे सांगतो. पण घराण्याच्या गाण्यात उस्तादांसारखे गाता येणे हीच शागिर्दाची पहिली परीक्षा असते. सुरेशबाबू त्यात उतरले. लोकांनी मात्र मूळ आवाज आहेच की, म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवली.

खाँसाहेबांच्या जादूचा एक दाखला सर्वांना माहीत आहे. त्यांची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा गाणे शिकायला घर सोडून निघाला. सुरेशबाबूंचे काम एवढे दिसणारे नव्हते. ते शिकवत राहिले. बहीण हिराबाईंना गाण्यात घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. माणिक वर्मा त्यांच्याकडे शिकल्या. पुण्याच्या प्रभा अत्रे यांनाही त्यांची तालीम मिळाली. प्रभाताईंना 2022 मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि आपल्या गुरूंचे नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतले.

खाँसाहेब 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेतल्या प्रवासात, वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनवर अल्लाहला प्यारे झाले. मुलगाही फार जगला नाही. 1953 मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना सुरेशबाबू गेले. त्यांच्या रेकॉर्ड मोजक्याच राहिल्या.

त्यांना माने म्हणायचे की अब्दुल रहमान, या वादात आम्हाला पडायचे नाही. आईने दिलेले नाव त्यांनी सन्मानाने वागवले आणि वालिदांनी दिलेला सूरही जपला. आपल्या मुलांना मिरजेची कबर दाखवाल, तेव्हा या मुलाचेही नाव सांगा. घरी आल्यावर आधी वालिदांचे आणि लगेच मुलाचे गाणे मोबाइलवर लावा. कुठे सारखे आहे आणि कुठे वेगळे, ते पोरांनाच ओळखू द्या.