संत ऑगस्टीन आणि येणारें राज्य

सुवर्ण महोत्सवाच्या या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं नांवें, देवळाच्या बांधकामाची हकीकत, निरनिराळ्या मंडळांचे अहवाल हें सर्व वाचकांस इतरत्र सांपडेल. आमच्याकडे एका साधुपुरुषाचें चरित्र लिहिण्याचें काम आलें. आम्हीं संत ऑगस्टीन यांस निवडलें. परंतु त्यांच्या तारुण्यांतील भरकटणें, आई संत मोनिका हिचे अश्रु व मिलान येथील बागेंत झालेलें परिवर्तन हा सर्वांस ठाऊक असलेला भाग आम्ही मुद्दाम थोडक्यांत उरकणार आहों. त्यांची आठवण आम्हांस होते ती दुसऱ्याच कारणानें. साथ आली, युद्ध पेटलें, धरणीकंप झाला, कीं आमच्या लोकांत कुजबूज सुरू होते, जगाचा शेवट आला काय? २०२० सालच्या महामारींत तर असले निरोप घरोघरीं फिरले आणि कित्येक वृद्धांची झोप उडाली. देवाचें राज्य यावें अशी विनंती आपण रोज करतों. तें राज्य म्हणजे काय, तें केव्हां येणार, आणि तोंवर माणसानें काय करावें, हे प्रश्न ज्यांच्या दाराशीं खरोखरीच शत्रूच्या फौजेसह येऊन उभे राहिले, त्यांचें हें चरित्र आहे.

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या गांवीं झाला. हा गांव आजच्या अल्जीरिया देशांत मोडतो. वडील पॅट्रिशियस बेताच्या ऐपतीचे व बहुतेक आयुष्यभर मूर्तिपूजक, आई ख्रिस्ती. कार्थेज येथें शिक्षण, मग वक्तृत्वशास्त्राची शिक्षकी, सुमारें नऊ वर्षें मॅनिकी पंथाचा नाद, पुढें रोम व मिलान, तेथें बिशप संत अँब्रोज यांचीं प्रवचनें, ३८६ सालीं परिवर्तन आणि ३८७ सालीं ईस्टरच्या रात्रीं बाप्तिस्मा, असा हा क्रम आहे. त्याच वर्षीं परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरीं मोनिका निवर्तली. मायदेशीं जाऊन मित्रांसह एकांतांत रहावें असा ऑगस्टीन यांचा बेत होता. परंतु ३९१ सालीं ते हिप्पो या बंदराच्या शहरीं गेले असतां तेथील लोकांनीं त्यांस देवळांतच धरलें व जवळजवळ बळेंच गुरुदीक्षा घ्यावयास लावली. चार-पांच वर्षांनीं ते तेथील बिशप झाले आणि मरेपर्यंत तेथेंच राहिले. त्यांच्या नियमाप्रमाणें चालणारे ऑगस्टिनी साधु पुढें १५७२ सालीं गोव्यास आले. जुन्या गोव्यांतील त्यांच्या देवळाचा पडका मनोरा आमच्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. २०२५ सालीं निवडले गेलेले पोप लिओ चौदावे याच संघाचे आहेत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. प्रकटीकरणाच्या पुस्तकांत हजार वर्षांच्या एका राज्याचा उल्लेख आहे. तो अक्षरशः घेऊन, प्रभु परत आल्यावर साधुजन याच पृथ्वीवर हजार वर्षें राज्य करतील, असें पहिल्या शतकांतील कित्येक ख्रिस्ती लोक मानीत. ही अडाण्यांची समजूत होती असें कोणीं समजूं नये. संत जस्टिन व संत इरिनेयुस यांसारखे थोर पुरुष ती बाळगीत. खुद्द ऑगस्टीनही एके काळीं तिच्या सौम्य स्वरूपाकडे झुकले होते, आणि उतारवयांत लिहितांना त्यांनीं तें उघडपणें कबूल केलें. आपलें पूर्वीचें मत चुकलें असें चारचौघांत सांगणारे विद्वान थोडेच.

त्यांचें मत बदलण्यास टिकोनियुस नांवाच्या एका गृहस्थाचे लेख बऱ्याच अंशीं कारण झाले. गंमत अशी कीं हा टिकोनियुस डोनाटिस्ट पंथाचा होता, आणि त्या पंथाशीं ऑगस्टीन यांचा वाद तर जन्मभर चालला. तरी विरोधकाच्या घरचें म्हणून त्यांनीं सत्य टाकलें नाहीं. हजार वर्षें हा पूर्णत्वाचा आंकडा आहे; प्रभूच्या पहिल्या आगमनापासून दुसऱ्या आगमनापर्यंतचा सारा काळ त्यांत येतो, असें ते शिकवूं लागले. म्हणजे राज्य पुढें यावयाचें आहे हें जितकें खरें, तितकेंच तें सुरू झालें आहे हेंही खरें. आजची ख्रिस्तसभा हें तेंच राज्य. मात्र त्यांत गहू आणि निदण एकत्र वाढत आहे, चांगले व वाईट मासे एकाच जाळ्यांत आहेत. कापणीनंतरच्या राज्यांत निदण असणार नाहीं. आमच्या शेतकरी बांधवांस हें फोड करून सांगावें लागत नाहीं. भात उभें असतांना तण उपटूं गेल्यास चांगलीं रोपें हातीं येतात, हें त्यांनीं अनुभवलेलें असतें.

येथें एक गोष्ट लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कापणीपर्यंत धीर धरावा असें शिकविणाऱ्या या बिशपांनीं डोनाटिस्ट लोकांवर बादशाही सत्तेनें सक्ति करावी, यास पुढें संमति दिली. आधीं त्यांचें मत सक्तीच्या विरुद्ध होतें. सक्तीनें लोक देवळांत येतात हें पाहून तें बदललें. ते देहान्त शिक्षेच्या विरुद्ध राहिले व अपराध्यांसाठीं रदबदली करीत राहिले, हें खरें; परंतु या बाबतींत त्यांनीं आपलाच दृष्टांत पुरता मनावर घेतला नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

४१० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २४ तारखेस गॉथ राजा आलारिक यानें रोम घेतलें व तीन दिवस लुटलें. आठशें वर्षें परक्या शत्रूच्या हातीं न पडलेलें शहर पडलें, ही बातमी सगळ्या जगाच्या कानांत घुमली. दूर बेथलेहेम येथें संत जेरोम यांची लेखणी थांबली. श्रीमंत निर्वासितांचीं जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलीं, आणि त्यांच्याबरोबर एक आरोपही आला: जुन्या दैवतांस सोडल्यामुळें हें झालें. उलट कित्येक ख्रिस्ती लोकांस वाटलें कीं रोमचें राज्य हीच जगाची अखेरची भिंत होती, ती ढासळली, तेव्हां शेवट आलाच.

बादशहाचा अधिकारी मार्सेलिनुस या सद्गृहस्थाच्या आग्रहावरून ऑगस्टीन यांनीं ४१३ सालीं उत्तर लिहावयास घेतलें. त्याच वर्षीं बंडाच्या खोट्या संशयावरून मार्सेलिनुसचा शिरच्छेद झाला. ग्रंथ मात्र सुमारें ४२६ पर्यंत चालला व बावीस भागांत पुरा झाला. तोच देवाच्या नगरीविषयींचा प्रसिद्ध ग्रंथ. त्याचें सार इतकेंच कीं देवाचें राज्य रोमही नव्हे व रोमच्या विरुद्ध उभें केलेलें दुसरें एखादें बादशाही राज्यही नव्हे. साम्राज्यें येतात व जातात. देवावर प्रेम करणारांची नगरी त्यांतून प्रवाशासारखी वाट चालते.

याच ग्रंथांत एक मासलेवाईक हकीकत आहे. ख्रिस्ताची भक्ति ३६५ वर्षें टिकेल व मग संपेल, अशी एक दैववाणी मूर्तिपूजकांत पसरली होती. ऑगस्टीन यांनीं हिशेब मांडून दाखविला कीं ती मुदत केव्हांच टळून गेली, आणि ती टळतांच ३९९ सालीं कार्थेज शहरांत बादशहाच्या अधिकाऱ्यांनीं जुन्या दैवतांचींच देवळें पाडलीं. पण ते एवढ्यावर थांबले नाहींत. चारशें, पांचशें वा हजार वर्षें मोजून प्रभूच्या येण्याची तारीख ठरविणाऱ्या ख्रिस्ती लोकांसही त्यांनीं तोच न्याय लावला. काळवेळ जाणण्याचा अधिकार प्रभूनें शिष्यांस दिलेला नाहीं, याची आठवण करून दिली.

आद्रिआतिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सालोना येथील बिशप हेसिखियुस यांस मात्र दानिएलाच्या आठवड्यांवरून शेवट जवळ आल्याचें दिसत होतें. सुमारें ४१९ सालीं ऑगस्टीन यांनीं त्यांस एक दीर्घ पत्र धाडलें. शुभवर्तमान सर्व जगांत अद्याप पोहोंचलेलें नाहीं; आपल्याच आफ्रिकेंत त्याचा शब्दही न ऐकलेल्या असंख्य टोळ्या आहेत, असें त्यांनीं कळविलें. मग तीन चाकरांचा दाखला दिला. तिघेही धन्याची वाट पाहतात. पहिला म्हणतो तो लवकर येईल, दुसरा म्हणतो उशीरानें, तिसरा म्हणतो आपणांस ठाऊक नाहीं. पहिल्याचें खरें ठरावें असें तिसऱ्यास मनापासून वाटतें. परंतु पहिल्याचा अंदाज चुकला तर लोक धन्याच्या येण्यावरचा विश्वासच गमावतील. तिसऱ्याच्या हातून कोणाची अशी फसगत होत नाहीं. ऑगस्टीन यांनीं आपणांस तिसऱ्यांत गणलें. आम्हांस हें पत्र त्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षां अधिक जवळचें वाटतें.

वाट पाहणें म्हणजे त्यांच्या दृष्टीनें काम करणें होतें. बंदिवान सोडविण्यासाठीं त्यांनीं देवळांतील पवित्र पात्रें वितळविलीं. १९८१ सालीं छापल्या गेलेल्या त्यांच्या अज्ञात पत्रांपैकीं एकांतून कळतें कीं गुलामांचे व्यापारी हिप्पोच्या बंदरांतून गरिबांस पळवून नेत असत, आणि ऑगस्टीन बाहेरगांवीं असतांना तेथल्या भाविकांनींच कांहींस जहाजावरून, कांहींस लपविलेल्या जागेंतून, अशा सुमारें १२० जीवांस सोडविलें. बिशप नसतांना लोकांनीं हें केलें, ही गोष्ट आमच्या तरुण मंडळींनीं ध्यानीं घ्यावी.

४२९ सालीं राजा गायसेरिक याच्याबरोबर व्हॅन्डल लोक समुद्र ओलांडून आफ्रिकेंत उतरले. गांवें जळूं लागलीं. बिशपांनीं व धर्मगुरूंनीं पळून जावें काय, असा प्रश्न होनोरातुस नांवाच्या बिशपांनीं विचारला. जोंवर लोक तेथें आहेत व त्यांस साक्रामेंतांची गरज आहे, तोंवर मेंढपाळानें हलूं नये, असें ऑगस्टीन यांनीं कळविलें. ४३० च्या उन्हाळ्यांत शत्रूनें हिप्पोलाच वेढा दिला, तेव्हां स्वतः तसेंच वागले. शहर निर्वासितांनीं भरलेलें, वय पंचाहत्तरीचें. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत त्यांस ताप भरला. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं समोरच्या भिंतीवर लावविलीं व पडल्यापडल्या तीं वाचून ते रडत. शेवटचे सुमारें दहा दिवस वैद्य व अन्न आणणारे यांशिवाय कोणीं आंत येऊं नये असें सांगितलें. २८ ऑगस्ट ४३० रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचे शिष्य बिशप पोसिडियुस तेथें हजर होते. त्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं देवाच्या या गरिबानें मृत्युपत्र केलें नाहीं, कारण द्यावयास कांहीं नव्हतें. फक्त ग्रंथालय जपून ठेवण्याची आज्ञा तेवढी होती.

पुढें हिप्पो जळालें, पण ग्रंथ वांचले. त्यांचा देह आधीं सार्डिनिया बेटांत व मग इटलींतील पाविया शहरीं नेण्यांत आला, आणि आज तो तेथेंच आहे. हिप्पोच्या अवशेषांजवळील टेकडीवर १९०० सालीं पुरें झालेलें त्यांच्या नांवाचें देऊळ समुद्राकडे तोंड करून उभें आहे.